समाप्तीचं वाचन

प्रीती कल्याणहून आली ती रिकामी बॅग घेऊन. माहेरी येताना तिच्या हातात रिकामी पिशवी कधी नसायची. येताना कल्याणच्या बाजारातली स्वस्त भाजी भरून आणायची आणि जाताना त्याच पिशवीत आईकडचं काहीबाही भरून न्यायचं, हा तिचा लग्नापासूनचा शिरस्ता. आज मात्र चाकांची भलीमोठी निळी बॅग तिने दोन बोटांनी उचलून उंबऱ्याच्या आत ठेवली आणि रचना काय ते समजली. तिच्यात जे भरायचं होतं ते ह्याच घरातून जाणार होतं.

रचना मग स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. डाव्या हाताची बोटं भिंतीवरून हळूहळू वर चढवायची, खांद्याच्या वर गेली की काखेत ओढ बसते ती सोसत जरा थांबायचं, मग तशीच उतरवायची. छातीच्या ऑपरेशननंतर शिकवलेला हा व्यायाम ती एक दिवस चुकवत नसे. घरात कुणाला न विचारता करता येईल अशी तिच्यासाठी तेवढीच एक गोष्ट उरली होती.

"पालीगत चढतीयास भितीवर," खाली बसून मेथी निवडणाऱ्या भीमाबाई म्हणाल्या. "पडशील एक दिवस."

"पाल पडते ती दुसऱ्याच्या अंगावर, आई."

सासू हसली. बाहेर प्रीती आणि रचनाचा नवरा प्रफुल्ल दबक्या आवाजात बोलत होते. बहीण-भाऊ लहानपणापासून असेच. आधी आपसात ठरवायचं आणि मग घराला सांगायचं. एरवी रचनाला त्याचं काही वाटत नसे. पण शुक्रवारपासून तिच्या मनात एक गोष्ट खदखदत होती.

शुक्रवारी ती दोघं रक्ताचा रिपोर्ट घेऊन दवाखान्यात गेली होती. प्रफुल्ल गाडी लावायला जागा शोधत खालीच राहिला आणि रचना एकटी आत गेली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला, पांढऱ्या पेशी छान वर आल्यात म्हणाल्या आणि सहज विचारलं, "विहारात वाचायला जाता ना? गेल्या महिन्यात तुमच्या मिस्टरांनी विचारलेलं. मी म्हटलं, जाऊ द्या की. केमोच्या डोसनंतरचे पहिले दिवस जपायचं, ताप आला तर लगेच इकडे यायचं. पण पेशी चांगल्या असताना चालायचं, माणसांत बसायचं. मोकळ्या हवेत, मास्क लावून. घरात कोंडून घेऊ नका."

हा प्रश्न विचारायला रचनानेच प्रफुल्लला पाठवलं होतं. तेव्हा ती सलाईन लावून पडली होती. आणि तो बाहेरून तोंड पाडून आला होता. "नाही म्हणाल्या. कडक शब्दांत नाही म्हणाल्या."

आता डॉक्टरीणबाई उत्तराची वाट बघत होत्या. रचना म्हणाली, "हो, जाते ना." नवऱ्याची अब्रू तिने परक्या माणसासमोर झाकली आणि घरी आल्यावर तो स्वतःहून बोलेल म्हणून शुक्रवार, शनिवार वाट पाहिली. तो बोलला नाही. शनिवारी संध्याकाळी तर त्याने प्रीतीला फोन लावला.

आज अश्विन पौर्णिमा. आषाढ पौर्णिमेला सुरू झालेलं वर्षावासाचं ग्रंथवाचन आज संध्याकाळी संपणार होतं. वर्तकनगरच्या त्या छोट्या विहारात शिवरामबाबांनी, म्हणजे रचनाच्या सासऱ्यांनी, हे वाचन सुरू केलं तेव्हा वर पत्रा होता आणि वाचणारे फक्त पुरुष होते. बाबांची नजर अधू झाली तशी त्यांनी ग्रंथ सुनेच्या पुढ्यात ठेवला. लोक कुजबुजले; बाबा म्हणाले, आवाज तिचा आहे, कुजबूज तुमची, काय ऐकायचं ते मी ठरवणार. तेव्हापासून वागळे इस्टेटमधली कंपनी सुटली की रचना घरी येऊन पांढरं पातळ नेसायची आणि विहारात जाऊन बसायची. पावसाळ्याचे तीन महिने रोज. सासरे गेले त्या वर्षीसुद्धा खंड पडला नव्हता. ह्या वर्षी पडला.

आणि नुसतं वाचन तुटलं नव्हतं. दुसऱ्या डोसनंतरच्या तापाने ती दवाखान्यात राहून आली, आणि तेव्हापासून विहारातली एकही बाई घराकडे फिरकली नाही. खालच्या मजल्यावरची जागृती, जिने रचनाशिवाय कधी साडी घेतली नाही, तीसुद्धा नाही. फोन नाही, निरोप नाही. कॅन्सर म्हटल्यावर माणसं बाजूला होतात, हे रचनाने ऐकलं होतं. आपल्याच बायका तशा निघतील असं मात्र तिला वाटलं नव्हतं. त्यांच्या नावाने ती उशीत तोंड खुपसून रडली होती आणि शिव्याही पुष्कळ दिल्या होत्या.

जेवणं झाली. कासाऱ्यांच्या घरात महत्त्वाचं बोलणं जेवणाआधी काढायचं नाही, अशी बाबांची शिस्त. भरल्या पोटी माणूस कमी भांडतो असं ते म्हणायचे. अनुभव असा होता की भरल्या पोटी भांडायला दम येतो.

प्रीती सोफ्यावर टेकली. भीमाबाई चटईवर पाय पसरून बसल्या. सम्यक, रचनाचा मुलगा, ऐरोलीच्या ऑफिसातून रात्रपाळी करून आलेला, डोळे चोळत खुर्चीत बसला. प्रफुल्ल खिडकीपाशी उभा राहिला, बाहेर बघत.

"वहिनी, मी आपली सरळ बोलते," प्रीती म्हणाली. "आमच्याकडे चल. श्रिया होस्टेलला गेल्यापासून तिची खोली रिकामीच आहे. सातवा मजला, हवा भरपूर. कुणाची ये-जा नाही. गुरुवारच्या डोसला आमचे हे गाडीने आणतील तुला. डोस संपू देत, रेडिएशन होऊ दे, मग ये परत. तुला पाणीसुद्धा उचलून घ्यायला लागणार नाही तिकडे."

"पाणी उचलायला लागावं म्हणून तर मी व्यायाम करतेय, प्रीती."

"तसं नाही गं."

"कधी निघायचं ठरवलंय?"

प्रीतीने भावाकडे बघितलं. "संध्याकाळी. उशीर नको, घोडबंदरला नंतर ट्रॅफिक लागतं."

कल्याणला जायला घोडबंदर कशाला लागतं, हे प्रीतीला कुणी विचारलं नाही. ती घाबरली की रस्ते चुकायची.

"संध्याकाळी समाप्ती आहे," रचना म्हणाली. "मी वाचायला जाणार आहे."

प्रफुल्ल खिडकीकडून वळला. "रचना, हा विषय झालाय आपला. डॉक्टरांनी नाही सांगितलंय."

"काय सांगितलंय नेमकं?"

"सांगितलं ना तुला तेव्हाच."

"परत सांगा. आई आहेत, प्रीती आहे. सगळ्यांना कळू दे."

तिने त्याला वाट करून दिली होती. अजूनही तो म्हणू शकला असता की जरा चूक झाली, मी नीट सांगितलं नाही. ती मनातून विनवत होती, बोला, आत्ता बोला. प्रफुल्लने कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "गर्दीत जायचं नाही. कुणाला भेटायचं नाही. ट्रीटमेंट संपेपर्यंत घराबाहेर पाऊल नाही. बस्स."

सव्वीस वर्षं रचनाने संसार केला होता ह्या माणसाबरोबर. तो तिच्याशी खोटं बोलतो ह्यापेक्षा इतक्या सफाईने बोलतो, हे तिला जास्त लागलं.

"बघ," प्रीती पुढे सरसावली. "आणि मागच्या वेळी काय झालं? विहारातल्या संचिताच्या मुलीच्या बारशाला गेलीस. एवढ्याशा खोलीत तीसेक माणसं, लहान पोरं नाकं गाळतायत, आणि तू ते बाळ मांडीवर घेऊन बसलीस. तिसऱ्या दिवशी ताप. वहिनी, आम्ही काय बघितलंय ते तुला नाही माहीत. तू शुद्धीत नव्हतीस."

हे खरं होतं. त्या बारशाला ती डोसनंतर आठवड्याच्या आत गेली होती, सगळ्यांचा विरोध पत्करून, आणि मास्क काढून जेवली होती.

"चुकलंच ते माझं," ती म्हणाली. "पण तेव्हा पेशी खाली होत्या. आता वर आल्यात. शुक्रवारचा रिपोर्ट आहे."

"पोरी, हट्ट नगं करू," भीमाबाई मधे पडल्या. "वाचन काय पळून जातंय? फुडल्या वर्साला वाच की."

पुढच्या वर्षी. शब्द निघून गेले आणि मग सगळ्यांनाच ऐकू आले. सम्यकने मान खाली घातली. प्रीती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली. पुढचं वर्ष ह्या घरात सगळ्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं होतं. त्याच्याबद्दल बोलायचं नाही असं न ठरवता ठरलं होतं.

रचनाने लेकाकडे पाहिलं. घरात उरलेला तिचा माणूस तोच, असं ती धरून चालली होती. "सम्यक, तू सांग. तुला काय वाटतं?"

"मम्मी, पप्पा बरोबर बोलतायत ना. रिस्क कशाला घ्यायची फालतूची." तो तिच्याकडे बघत नव्हता. "आणि वाचतेय ना ती जागृती काकू. मस्त वाचते."

"मस्त वाचत असेल. मी कुठे ऐकलंय? पायाखालच्या मजल्यावर राहते आणि एकदा वर येऊन 'जिवंत आहेस का' म्हणून विचारलं नाही तिने. बरंय. समाप्तीला जाऊन तिलाच विचारते."

"ती कशी यील?" भीमाबाई म्हणाल्या. "तूच नगं म्हनलीस ना सगळ्यांना."

"मी?"

"मंग? 'टक्कल झालंय, कुनाला तोंड दावायचं न्हाई, बायांना म्हणावं फोनबी करू नका.' परफुल्यानं गेटावर हुबं ऱ्हाऊन सांगितलं समद्यांना. मीबी सांगती रोज. रोज इचारत्यात बाया. ती जागृती तर रडली एकदा. मी म्हनलं, न्हाई बाई, तिला न्हाई आवडत, तुमी जाऊ नका."

रचना उभीच होती, तिने खुर्चीची पाठ धरली.

"मी असं म्हटलं नव्हतं, आई."

भीमाबाई आधी सुनेकडे, मग लेकाकडे बघत राहिल्या. म्हातारीला अक्षरओळख नव्हती, पण माणसाच्या तोंडावरचं तिला चटकन वाचता यायचं. "परफुल्या?"

प्रफुल्ल पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला.

"विहाराच्या ग्रुपमधून पण मी काढलं तुला," सम्यक एकदम म्हणाला. बोलून टाकल्याशिवाय त्याला बसवेना. "तुझा फोन तापात माझ्याकडे होता ना, तेव्हा. पप्पा बोलले, मेसेज आले की ती उठून जाईल परत. दोन-चार नंबर ब्लॉक केलेले. मला वाटलं, थोड्या दिवसांनी परत करू. नंतर राहूनच गेलं. सॉरी, मम्मी."

"आणि डॉक्टरांनी," रचना म्हणाली, "डॉक्टरांनी जा म्हणून सांगितलंय. गेल्या महिन्यात. ह्यांना. शुक्रवारी मला विचारलं, जाता ना म्हणून. मी हो म्हणून आले. ह्यांची लाज राखायला."

प्रीती उठून उभी राहिली. "दादा? मला तर तू…"

"अरे, डॉक्टर काय, त्या म्हणणारच," प्रफुल्लचा बांध फुटला. "त्यांना पेशंट आहेत शेकडो. मला एकच बायको आहे. रिक्षात माझ्या मांडीवर तिचं डोकं होतं. अंग भाजत होतं. मला ओळखत नव्हती ती. मला 'तात्या' म्हणत होती, तिच्या बापाला मारायची तशी हाक. 'तात्या, मला घरी न्या.' मेलेल्या माणसाला हाका मारत होती, प्रीती. मी काय करायचं होतं? त्या दिवसापासून बेल वाजली की मला दरदरून घाम फुटतो. कोण येतंय, काय घेऊन येतंय, कोण शिंकतंय. ऑफिसात पाण्याच्या लाइनी बघायच्या सोडून मी दर तासाला फोन करून हिचा श्वास ऐकतो. होय, बोललो खोटं. परत बोलेन."

"मग घाबरलोय म्हणून सांगायचंत मला."

"माझं ऐकलं असतंस?"

रचनाने विचार केला. "नसतं ऐकलं."

"झालं तर मग."

"झालं कसं?" ती म्हणाली. "डॉक्टरांनी कापलं ते मला सांगून कापलं. सही घेतली माझी. तुम्ही माझी माणसं कापलीत आणि मला पत्ता नाही. मला वाटलं, रोग लागेल म्हणून बायका येत नाहीत. मला स्वतःची किळस यायला लागली होती, अहो. अंघोळ करताना मी दिवा बंद करत होते. तुम्ही रोज माझ्या ब्लाउजची बटणं लावून देत होतात ना, तुम्हाला दिसलं नाही?"

बटणं प्रफुल्लने रोज लावली होती, खाली बघत.

भीमाबाई जमिनीला हात टेकून उठू लागल्या. गुडघे धरले होते तरी सम्यकचा हात त्यांनी झिडकारला. "मी रोज विहारात जाती," त्या म्हणाल्या. "हात जोडून पंचशील घेती. खोटं बोलणार न्हाई म्हणून सगळ्यांच्या बरूबर म्हणती. आन तितनं उठून त्याच तोंडानं बायांना खोटं सांगती. रोज. तीन महिनं तू माझ्याकडनं ही करून घेतलंस, परफुल्या. तुझ्या बापानं ज्या जागी बसून शिकवलं, त्या जागी."

"आई, मला तसं…"

"गप. तुझ्याशी मी उद्या बोलन." त्या सुनेकडे वळल्या. "पांढरं पातळ कुठल्या कपाटात हाय?"

"आई, तू पण?" प्रीती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती मुद्दा सोडायला तयार नव्हती. "दादाचं चुकलं, मान्य. शंभर टक्के चुकलं. पण तो हॉल बघितलायस ना तू? खिडक्या दोन, बायका पन्नास आणि समाप्ती म्हणजे सगळ्यांची पोरंटोरं. ताप यायला तो काय खोटं-खरं बघून येतो? येत्या गुरुवारी डोस आहे तिचा."

हे बोलणं सरळ होतं आणि बरोबर होतं. रचनालाही ते पटलं, म्हणून ती चिडली नाही.

"मी आत जाणारच नाही," ती म्हणाली. "दारात बसेन. बाहेर पायरीवर, अंगणाच्या हवेत. मास्क लावते, वाचताना तेवढा खाली. जवळ कुणी यायचं नाही. संपलं की उठून घरी. खीरसुद्धा घेणार नाही."

"मी बसेन बाजूला," सम्यक म्हणाला. "कुणाला जवळ येऊ देणार नाही."

"तुला लई पुळका आला आता," आजी म्हणाली.

सगळ्यांनी प्रफुल्लकडे पाहिलं. तो चपला घालत होता. दार उघडून तो जिना उतरून गेला. रचनाला वाटलं होतं तो हो म्हणेल, निदान नाही तरी म्हणेल. तिने डाव्या हाताने कपाटाची वरची फळी गाठायचा प्रयत्न केला. हात पोचला. पातळ ओढून काढताना काखेत कळ आली ती तिने गिळली.

विहार घरापासून हाकेच्या अंतरावर, पण जिना उतरून गेटपर्यंत येईतो तिला धाप लागली. डोक्याला पांढरा स्कार्फ, एका बाजूला सम्यक, मागे पाण्याचा थर्मास घेऊन प्रीती. भीमाबाई पुढे गेल्या होत्या. आपण सांगितलेलं खोटं आपणच निस्तरायचं, असं म्हणत त्या एकट्याच निघाल्या होत्या. त्यांनी ते कसं निस्तरलं हे रचनाला कधी कळलं नाही. ती अंगणात पोचली तेव्हा बायका पायरीवर उभ्या होत्या आणि सगळ्यांत पुढे जागृती, दोन्ही हात पदरात घट्ट धरून. पुढे धावू नये म्हणून तिने स्वतःलाच धरून ठेवलं असावं.

"जय भीम, वहिनी," जागृती म्हणाली.

"जय भीम."

"मला वाटलं, तुम्हाला आमचा राग आलाय."

"मला वाटलं, तुम्हाला माझी भीती."

जागृतीने मान हलवली. तिने आत जाऊन ग्रंथ आणला, पांढऱ्या कापडात गुंडाळलेला, आणि पायरीवर मांडलेल्या चौरंगावर ठेवून चार पावलं मागे सरली. "शेवटचं प्रकरण ठेवलंय. सकाळपासून मनात येत होतं, आज वाचायला बसूच नये."

आणि मग एक अडचण निघाली, जी घरात कुणाच्या लक्षात आली नव्हती. दारासमोरच्या भिंतीशी बुद्धमूर्ती. बायका रोज तिच्याकडे तोंड करून बसायच्या आणि वाचणारा मूर्तीशेजारी. आज वाचणारी दारात, म्हणजे मागे. दोन-तीन जणींनी सतरंजीवर बसल्या बसल्या रचनाकडे तोंड फिरवलं, तशी इतरांनी फिरवायला सुरुवात केली.

"थांबा, थांबा," बौद्धाचार्य काळुराम गुरुजी अस्वस्थ झाले. "मूर्तीकडे पाठ होतेय सगळ्यांची. समाप्तीच्या दिवशी हे कसं दिसतं?"

"मग तिच्याकडे पाठ करून ऐकायचं का?" कुणीतरी म्हणालं. "तीन महिन्यांनी आलीय ती."

"आडवं बसू."

"आडव्या बसलात तर मावाल का?"

कुजबूज वाढली. रचनाला आता उभं राहवत नव्हतं. समोर पन्नास तोंडं तिच्याकडे वळलेली. कुणी तिच्या स्कार्फकडे बघत होतं, कुणी पदराखालच्या सपाट बाजूकडे नजर जाऊ नये म्हणून छताकडे. सगळ्यांना तिला बघायचं होतं, आणि कुणालाच धीर होत नव्हता.

"गुरुजी म्हणतात ते बरोबर आहे," ती म्हणाली. "रोज बसता तशाच बसा. मला बघायला डोसनंतरचे जपायचे दिवस सरले की या, एकेक जण, मी दिवस सांगेन. आज ऐका."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि हळूहळू वळल्या. पांढऱ्या पदरांच्या ओळी मूर्तीकडे तोंड करून बसल्या. वंदना झाली, पंचशील झालं. भीमाबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

रचनाने मास्क खाली केला, बोट ओळीवर ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. आधी आवाज चिरका आला. औषधाने तोंड आलं होतं, जीभ जड झाली होती. पहिलं पान तिने कसंबसं रेटलं. मग ओळखीची वाक्यं येऊ लागली, कुठे थांबायचं, कुठे उचलायचं हे गळ्याला आपसूक आठवू लागलं. समोर नुसत्या पाठी. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. कुणी तिला जपत नव्हतं, कुणी तिची कीव करत नव्हतं. किती दिवसांनी असं झालं. पुढच्या ओळीतली संचिता डोळे पुसत होती हे तिला खांद्यावरून कळलं, आणि ते ग्रंथासाठी होतं की तिच्यासाठी, हे विचारायची गरज तिला वाटली नाही.

पान उलटताना अंगणात पावलं वाजली. प्रफुल्ल होता. विहार समितीच्या निवडणुकीत हरल्यापासून ह्या विहाराची पायरी तो चढला नव्हता. गुपचूप गेटाशी किती वेळ उभा होता कोण जाणे. प्रीती बाजूला झाली. चपला काढून तो रचनाशेजारून वाकून आत गेला. ती वाचत राहिली. त्याने जागा शोधली ती अगदी शेवटची, तिच्यापासून हातभर अंतरावर, आणि बसला तो तिच्याकडे तोंड करून. सगळ्या विहारात तो एकटाच उलटा बसलेला. त्याची नजर तिच्या ओठांवर, गळ्यावर, श्वासावर.

तिने वाचता वाचता मान वर केली आणि त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं, आणि पुन्हा पानाकडे वळली.

थोडा वेळ गेला. मग सतरंजी सरकल्याचा आवाज झाला. त्याने तोंड मूर्तीकडे फिरवलं होतं.

शेवटचं पान आलं आणि तिचा घसा अडला. आधी नुसती खवखव, मग ठसका, मग आवरेनाच असा खोकला. जागृतीचा खांदा अर्धा वळला आणि थांबला. सम्यक जागेवरून उठला. रचना एका हाताने चौरंग धरून खोकत होती, दुसऱ्या हाताने थर्मास चाचपत होती, आणि तिच्या समोर हातभरावर प्रफुल्लची पाठ होती. मान ताठ झालेली, कान लाल, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. गुडघ्यावरची मूठ आवळून पांढरी पडली होती.

तो वळला नाही.

ती पाणी प्यायली. श्वास जागेवर आला. बोटाने सुटलेली ओळ शोधली आणि पुढे वाचायला लागली.